भरती येईपर्यंत

कल्याणात अजूनही कुणी त्या दिवसाची गोष्ट काढली की शेवटी एकच वाक्य येतं. केवढा प्रसंग होता, पण देवाची कृपा, एक माणूससुद्धा दगावलं नाही. परवा देवळात पुराण सुटल्यावर दोघी म्हाताऱ्या हेच बोलत होत्या. मी माझी परडी उचलून घरी आले. चारचौघींत मला बोलता येत नाही, पहिल्यापासूनच येत नाही. ठाण्याला मुलींच्या शाळेत चौथीच्या परीक्षेला साहेब आले होते, त्यांच्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पाटीवर मात्र सगळं बरोबर लिहिलं होतं. म्हणून देवळात बोलले नाही ते इथे लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही.

मी कल्याणला नांदायला आले त्याला वर्ष झालं नव्हतं. घर बंदराच्या रस्त्यावर, मागच्या पडवीतून खाडी दिसे. सासरे बंदरावर कारकून होते. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. इकडचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, शिक्षण ठाण्याला चाललं होतं, माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडे. थोरल्या जाऊबाई म्हणत, "तुमची दोघांची चांगली अदलाबदल केली हो. ठाण्याची कल्याणात आणि कल्याणचे ठाण्यात. मध्ये खाडी ठेवली, म्हणजे झालं." मी हसून खाली बघे. त्या घरात माझ्याशी असं बोलणाऱ्या त्या एकट्याच. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचं बोलणं म्हणजे हे उचल आणि ते ठेव.

थोरले भावजी रेल्वेत नोकरीला इगतपुरीकडे असत आणि सणावाराला येत. जाऊबाईंना तेव्हा दिवस गेले होते. आधीची दोन मुलं गेली होती. पहिलं त्यांच्या माहेरी, दुसरं आमच्या घरात. दोन्ही थंडीच्या दिवसांत, दोन्ही बारशाच्या आधी. सुईण म्हणाली, थंडी भरली. तेव्हापासून जाऊबाईंच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. या खेपेला शेगडी विझू द्यायची नाही. आमच्या घरची रीतही तशीच होती. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी दहा दिवस रात्रंदिवस धगधगती राहिली पाहिजे, आणि त्या खोलीतला विस्तव उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. कोळशांची पोती जाऊबाईंनी आठव्या महिन्यातच भरून घेतली. मला म्हणाल्या, "बाकी कुणाचा भरवसा नाही. सासूबाई झोपतात, सुईण पेंगते. तू जागी राहशील ना गं?" मी मान हलवली. एवढं त्यांना पुरलं.

त्या हिवाळ्यात उत्तरेकडे काबूलच्या बाजूला लढाई चालली होती. मामंजी वर्तमानपत्र आणत. त्यांचं वाचून झालं की जाऊबाई ते आत मागवून घेत आणि माझ्याकडून हळू आवाजात वाचून घेत. लढाई किती लांब आहे ते मला शाळेतल्या नकाशावरून ठाऊक होतं, पण तिची दारू आमच्या दारावरून जात असे. बंदुकीची दारू मुंबईच्या भर वस्तीतून आगगाडीने न्यायला सरकार भीत असावं. ती पिंपांत भरून पडावांतून, म्हणजे शिडाच्या मोठ्या होड्यांतून, खाडीने कल्याणास येई आणि बंदरापासून स्टेशनापर्यंत बैलगाड्यांतून जाई. त्या गाड्या वेगळ्या ओळखू येत. चाकांच्या लोखंडी धावांना पेंढा आणि ओलं गोणपाट गुंडाळलेलं, बैलांच्या खुरांचे नाल काढलेले, गळ्यातल्या घंटाही सोडलेल्या. एरवी बैलगाडी वळणाआधी ऐकू येते. या गाड्या आवाज न करता येत आणि गेल्यावर रस्त्यावर पाण्याची ओली रेघ राही.

"मेलं प्रेत नेल्यासारखं नेतात," जाऊबाई खिडकीतून बघत म्हणत. "माणसं मारायची ती काबूलला. आमच्या दारावरून जाताना एवढं सोवळं."

दारूच्या पडावावर विस्तव नेण्याची बंदी होती. खलाशी पोहे आणि सुकी मासळी खाऊन राहत. त्या दिवसांत मामंजी घरी आले की आधी अंगरखा झटकत आणि मग आत येत. देवघरातल्या निरांजनाजवळ कपडे बदलल्याशिवाय जात नसत.

पौषात जाऊबाई मोकळ्या झाल्या. मुलगा. रडला चांगला खणखणीत. सुईण म्हणाली, अंगानं भरलाय. खोलीच्या खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला जाड पडदा बांधला, बाजेखाली शेगडी ठेवली आणि तीवर ओवा-शेपांची धुरी सुरू झाली. सोयर असल्यामुळे सुईण आणि मी सोडून त्या खोलीत कुणी येत नसे. मी नवी, माझ्याकडे देवाचं-स्वयंपाकाचं काही नव्हतं, म्हणून मला तिकडे नेमलं होतं. सासूबाई उंबऱ्याबाहेरून विचारत आणि जात. मी कोळसा घाली, राख ओढी. जाऊबाई अर्धवट झोपेतही पाय शेगडीकडे नेऊन धग तपासत.

बाळाचा चौथा दिवस होता, आणि अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाचवीची पूजा. सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते, तिच्यासाठी कोरा कागद आणि बोरू ठेवतात. बायकांत लिहायला येणारी मी एकटी, म्हणून बोरू मीच तासावा असं जाऊबाईंचं म्हणणं होतं. "चांगला बारीक कर. जाड अक्षरात फार मावायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधीच्या दोघांच्या वेळी मेलं टोकच तुटलेलं असणार."

त्या सकाळी मामंजी जेवायला बसायच्या आधी एक तांडेल, पडावावरचा मुख्य खलाशी, ओटीवर आला. मी खोलीतली राख घेऊन माजघराच्या दाराआड उभी होते, त्यामुळे सगळं ऐकलं. त्याचा पडाव बंदराच्या गाळात ओढून ठेवला होता. पडावांच्या बुडाला कालवं आणि शेवाळ धरतं, लाकूड पोखरणारी कीड लागते. ती मारायला ओहोटीला पडाव कोरडा पडला की खाली गवत पेटवून बूड शेकतात आणि मग तेल-चुना लावतात. हे काम अमावास्या-पौर्णिमेलाच होतं, कारण तेव्हाच पाणी पार लांब जातं. तांडेल म्हणाला, "आजची ओहोटी चुकली तर पंधरा दीस थांबावं लागंल, साहेब. कीड बूड खाऊन टाकील."

मामंजी म्हणाले, "पलीकडे दारूचा पडाव उभा आहे, दिसत नाही तुला?"

"दिसतो ना. पन तो गावाकडं, मी खाली खाडीकडं. वारा जमिनीवरचा हाय. धूर खाडीत जातो."

मामंजींनी ओटीवरून वारा पाहिला. मग म्हणाले, "दुपारी वारा उलटतो. त्याच्या आत आटपायचं. उलटला की गवत पाण्यात. समजलं?"

"समजलं."

यात काही जगावेगळं नव्हतं. बंदरावर दर अवसेला कुणीतरी बूड शेकतच असे. मामंजी हयगय करणारे नव्हते. फक्त त्या दिवशी दव फार पडलं होतं आणि गवत ओलं होतं. ते पेटायलाच वेळ लागला.

वारा उलटल्याचं आधी मला कळलं. मागच्या पडवीत वाळत घातलेली दुपटी सकाळपासून खाडीकडे उडत होती, ती एकदम लोंबकळली आणि मग घराकडे उडायला लागली. थोड्या वेळाने बंदराकडून ओरडा आला. मी पडवीच्या टोकाला गेले. तांडेलाच्या पडावाखालचं जळतं गवत झोताझोताने उडत होतं, आणि दारूच्या पडावावरची झापांची छपरी पेटली होती. खलाशी गाळात उड्या टाकत होते. पडाव कोरड्या गाळात कलता पडला होता. त्याच्याभोवती हंडाभरसुद्धा पाणी नव्हतं. पाणी लांब चकाकत होतं.

निम्मी पिंपं उतरवून झाली होती, निम्मी आत होती. हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की ते उडालं तर बंदर, आमची आळी, बाजार, काही राहणार नाही.

दवंडीचा ढोल वाजायला लागला. घराघरातला विस्तव विझवा, दिवे विझवा, सगळे रुळांपलीकडे निघा. लोकांनी नुसत्या चुली विझवल्या नाहीत. काड्यांच्या पेट्या विहिरीत टाकल्या. शेजारच्या काकूंनी देवापुढचं निरांजन पाण्यात बुडवलं आणि मग रडत बसल्या. जणू कुणाच्या चुलीतला निखारा उठून खाडीपर्यंत चालत जाणार होता. पण घाबरलेलं माणूस हाताशी असेल ते विझवतं.

मामंजींचा पट्टेवाला धावत आला आणि सासूबाईंना म्हणाला, "काकू, मालकांनी सांगितलंय, घरात ठिणगी ठेवू नका. गाडी पाठवलीय, बाळंतिणीला घालून स्टेशनापलीकडे न्या. मालक बंदरावरच आहेत." आमच्या काड्यांची पेटी त्यानेच उचलून पाण्याच्या पिंपात टाकली आणि पुढच्या घरी गेला.

गाडी दाराशी होती. दारूचीच. गावात त्या वेळी दुसरी रिकामी गाडी मिळणं शक्य नव्हतं. गाडीवान जवळच्या आगरी गावातला, वयस्क माणूस, आमच्या दारावरून रोज जाणारा. सासूबाई उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, "शेगडी ठेवायला मागे जागा कर. बाळंतिणीला शेक लागतो."

"शेगरी? नाय बाय," गाडीवान म्हणाला. "ही गारी दारूची हाय. फळ्यांच्या सांद्यात भुकटी बसलीय. इस्तू घेऊन नाय बसता येनार. तो पराव उरंल का नाय देवाला ठावं, पन ही गारी उरंल."

"धुऊन घे ना मग."

"धुवाला येल हाय का?"

येल म्हणजे वेळ, आणि उरंल म्हणजे उडेल. तो खरं बोलत होता. पुढे वाकून पाहिलं तर फळ्यांच्या फटींतून काळी भुकटी दिसत होती.

सासूबाई आत आल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला. जाऊबाई उठून बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या जा. मी इथेच शेगडीपाशी पडते. पडाव उडाला नाही तर हा वाचेल. उघड्यावर नेला तर हा उडाल्याशिवायच जाईल."

"आणि उडाला तर?"

"तर काय, सासूबाई. शेक जरा जास्त बसेल."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. पण त्या हळू बोलल्या. "एक सून आणि एक नातू मागे ठेवून मी कुठल्या तोंडानं रुळांपलीकडे बसू? तू नाही आलीस तर मीही बसते. ही पोरगीही बसेल. मग उडालो तर चौघं उडू. तसं हवंय का तुला?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं आता वाटतं, पण तेवढा वेळ नव्हता. मग त्यांनी बाळ उचललं आणि माझ्याकडे दिलं.

सासूबाईंनी शेगडीच्या कडेला गरम झालेल्या दोन विटा फडक्यांत गुंडाळल्या. मग घंगाळातलं पाणी शेगडीवर ओतलं. फस्स आवाज झाला आणि खोली राखेच्या वाफेनं भरली. जाऊबाईंनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

गाडीत पेंढा पसरला, त्यावर घोंगडी. सासूबाईंनी जाऊबाईंना स्वतःच्या अंगाला टेकवून बसवलं, सोयराचा विचार न करता. बाळ माझ्या पदराखाली, छातीशी, वर धाबळी. विटा दोन्ही बाजूंना. रस्ता माणसांनी भरला होता. कुणाच्या डोक्यावर देव, कुणाच्या काखेत कोंबडी. गाडीवान ओरडत नव्हता, बैलांनाही मारत नव्हता. "हलू, हलू," एवढंच म्हणत होता, कारण धक्के बाळंतिणीला लागत होते. रूळ ओलांडताना मी मागे पाहिलं. काळा धूर गावावरून आमच्या दिशेनं वाकला होता. वारा आता पुरता खाडीचा झाला होता.

डोंबिवलीच्या वाटेला रुळांपलीकडे भाताची कापलेली शेतं होती. तिथे गाव जमलं होतं. झाड असं एकही जवळ नाही. बांधांच्या आडोशाला माणसं गर्दी करून बसली होती, एकमेकांना चिकटून, त्यामुळे त्यांना वारा लागत नव्हता. आमची गाडी तिथे जाऊन उभी राहिली, आणि माणसं सरकली. कुणी काही वाईट बोललं नाही. चौथा दिवस आहे, सोयर आहे, एवढं एकीनं दुसरीला सांगितलं. बघता बघता गाडीच्या चारी बाजूंना मोकळं वर्तुळ झालं, आणि त्यातून वारा सरळ आमच्यावर यायला लागला.

शेजारच्या काकूंनी लांबून विचारलं, "कसं आहे गं बाळ?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या.

"जपा हो. वारा लागू देऊ नका."

त्यांच्या अंगावर मोठी शाल होती आणि भोवती घरातल्या सातआठ बायका होत्या. त्या सगळ्या उठून आमच्या वाऱ्याच्या बाजूला बसल्या असत्या तर भिंत झाली असती. पण त्यांच्या मनात ते आलंच नाही. सासूबाईंच्याही मनात आलं नाही त्यांना बोलवायचं. माझ्या मनात आलं की नाही ते आता आठवत नाही. त्यांच्याकडे बाळंतीण असती तर आम्हीही तशाच लांब बसलो असतो.

गाडीवानानं बैल सोडले. त्यांना गाडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला आणलं आणि पुढच्या पायांवर थोपटून तिथेच बसवलं. मग चाकांवरचं गोणपाट सोडून आतला कोरडा राहिलेला पेंढा गाडीच्या फटींत कोंबला. सासूबाईंना म्हणाला, "जनावराची ऊब लई असते. जवल सरकवा तिला." बैलांच्या पाठीवरून वारा जरा अडला. जरा. ओलं गोणपाट काढलेली चाकं गार लोखंडाची होती आणि विटा निवत चालल्या होत्या.

बातम्या माणसांबरोबर येत होत्या. छपरी जळून खाली पडली. डोलकाठी पेटली. आतल्या पिंपांवर ओल्या कातड्यांचं आच्छादन आहे, ते अजून धरून आहे. मग कळलं की तोच तांडेल, ज्यानं गवत पेटवलं होतं, तो आणि दोघे कोळी जळत्या पडावाच्या खाली गाळात शिरले आहेत. पडावाच्या बुडाला भोक असतं, त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली असते. ती त्यांनी काढली. कुऱ्हाड चालवता येत नव्हती, ठिणगी उडाली असती, म्हणून फळ्यांच्या सांध्यांतला तेलकट कापूस बोटांनी आणि लाकडाच्या पाचरींनी उपसून काढला. म्हणजे भरती आली की पडाव तरंगायचा नाही, पाणी खालून आत शिरेल आणि दारू भिजेल. मामंजी काठावर उभे राहून दोरीनं बांधलेल्या त्या तिघांना नाव घेऊन हाका मारत होते, त्यांची दोरी स्वतः धरून.

आता फक्त पाणी यायचं होतं. पाण्याला कुणी घाई करू शकत नाही. आमच्या मागे एक म्हातारा म्हणत होता, "अवसेची भरती आहे, जोरात येते. आली असेल आता खाडीच्या तोंडाशी." दुसरा म्हणाला, "आली असेल म्हणजे काय, तू पाहून आलास?" कुणी हसलं. सगळं गाव एका दिशेला तोंड करून बसलं होतं. कुणी विष्णुसहस्रनाम म्हणत होतं, मध्येच चुकत होतं.

जाऊबाई तिकडे बघत नव्हत्या. त्यांनी धाबळीखाली हात घालून बाळाचे तळपाय धरले होते. थोड्या थोड्या वेळानं मला विचारत, "गरम आहे का?" मी म्हणे, आहे. छाती होती गरम. पाय नव्हते. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, हात त्यांचाच होता. पण विचारत होत्या. एकदा त्या सासूबाईंना म्हणाल्या, "एवढ्या सगळ्या गावात एक निखारा नाही." सासूबाईंनी स्वतःचं लुगडं अर्धं सोडून जाऊबाईंच्या डोक्याभोवती गुंडाळलं आणि भर गावासमोर तशाच बसल्या.

बाळ रडत होतं तोवर मला बरं वाटत होतं. मग ते थांबलं. प्यायला लावलं तर तोंडात धरे, ओढत नसे.

दुपार कलायला लागली तेव्हा धुराचा रंग बदलला. काळ्याचा पांढरा झाला, आणि मग नुसती वाफ. कुणीतरी रुळांकडून ओरडत आलं, पाणी चढलं, पडाव बसला, दारू बुडाली. माणसं उठली. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. शेजारच्या काकू लांबूनच आमच्याकडे बघून हात जोडत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परतीच्या वाटेवर लोक मोठ्यानं बोलत होते, हसत होते, कुणाचं काय काय घाईत विसरलं ते सांगत होते. आमची गाडी "हलू, हलू" करत त्यांच्यामधून येत होती.

घर जागच्या जागी होतं. एक कौलसुद्धा हललं नव्हतं. पडवीत दुपटी होती तशीच होती. खोलीत शेगडीत काळा चिखल.

आणि मग विस्तव कुठून आणायचा हा प्रश्न आला. आमची पेटी पाण्यात. शेजारच्यांची विहिरीत. एरवी पळीभर निखारे कोणत्याही घरातून मिळत, त्या दिवशी सगळ्या आळीत एक चूल जिवंत नव्हती. सासूबाई या दारातून त्या दारात फिरल्या. शेवटी तो गाडीवानच म्हणाला, "थांबा बाय, मी बघतो," आणि पायीच निघाला. तो स्टेशनावर गेला. तिथे उभ्या असलेल्या इंजिनाच्या भट्टीतून त्यानं लोखंडी घमेल्यात जळते कोळसे मागून आणले, वर राख पसरून, वाटेत कुठे न थांबता. दाराशी घमेलं ठेवताना त्याच्या हाताला फोड आले होते. सासूबाईंनी त्याला तूप लावायला दिलं. तो गाडीपासून लांब उभा राहून लावत होता.

इंजिनाच्या कोळशाला वेगळाच वास येतो, गंधकासारखा. खोली त्या वासानं भरली. मी सारखी घालत राहिले. शेगडी लाल झाली, बाजेचा लाकडी पाय तापला, मला घाम आला. जाऊबाईंनी बाळाला उघडं करून धगीजवळ धरलं, परत गुंडाळलं, परत धरलं. सुईण आली, तिनं पाहिलं आणि ओव्याची धुरी घातली.

मामंजी दिवेलागणीला आले. पण दिवे फारसे नव्हते. त्यांच्या भुवया जळल्या होत्या आणि कमरेपर्यंत गाळ होता. ओटीवर माणसं जमली. मामलेदार स्वतः आले होते. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. "केवढा प्रसंग निभावलात. एक माणूससुद्धा दगावलं नाही. साहेबांना मी तसंच कळवतो." लोक गेल्यावर मामंजी माजघरापर्यंत आले आणि सासूबाईंना विचारलं, "कसं आहे?"

सासूबाई म्हणाल्या, "शेगडी लागलीय आता."

"आता," मामंजी म्हणाले. मग ते अंघोळीला गेले. गार पाण्यानं केली. पाणी तापवू का, असं सासूबाईंनी विचारलं तर नको म्हणाले.

सकाळी उजाडताना बाळ गेलं. जाऊबाईंनी मला हाक मारली नाही. मी कोळसा घालायला वाकले तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे आता."

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. भावजींना तार गेली होती, पण ते पोचायचे होते. मामंजींनी ते फडक्यातलं गाठोडं स्वतः घेतलं. बरोबर कुणाला येऊ दिलं नाही. ते दार ओलांडताना जाऊबाई आतून म्हणाल्या, "त्याला खाडीकडे नका नेऊ. तिकडे वारा असतो." मामंजी सुनांशी कधी बोलत नसत. ते उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "नाही नेत, बाळ."

पाचवीचा पाट आदल्या सकाळीच मांडून ठेवला होता. त्यावरचा कोरा कागद मी उचलून ठेवला. बोरू तासून झाला होता. नाव ठेवायचं राहिलंच, त्यामुळे आमच्या घरात त्याला कुणी कुठल्या नावानं आठवू शकलं नाही. मोजताना लोक त्याला धरत नाहीत. तो काही पडावानं गेला नाही. थंडी भरून गेला, आधीच्या दोघांसारखा.

तांडेलाला सरकारातून काही शिक्षा झाली नाही, बक्षीसही मिळालं नाही. तो एकदा आमच्या ओटीखाली येऊन उभा राहिला होता. मामंजी बाहेर गेले. दोघेही बराच वेळ खाली बघत उभे होते. मग तो गेला. मामंजी बंदरावर जायचे ते जातच राहिले. मात्र अवसेला कुणी बूड शेकायला परवानगी मागायला आला की ते आधी पडवीत जाऊन उभे राहत. दुपट्यांच्या वाळवणाकडे बघत. वाळत काही नसलं तरी बघत.

जाऊबाई त्या दिवसाबद्दल सासूबाईंना कधी टोचून बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणंच कमी झालं. मला मात्र त्या पूर्वीसारख्याच चिडवत, पण मधेच विसरत की काय म्हणायचं होतं. त्यांना पुढे मूल झालं नाही.

काही वर्षांनी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तेव्हा ठाण्याला आईची प्रकृती बरी नव्हती, म्हणून कल्याणातच राहिले. तेही थंडीचेच दिवस. खोली तीच, बाज तीच. जाऊबाई बारशापर्यंत त्या शेगडीपासून हलल्या नाहीत. सुईणीला कोळसा घालू दिला नाही, मला हात बाहेर काढू दिला नाही. रात्री मला जाग येई तेव्हा त्या बसलेल्या असत, तोंडावर लाल उजेड, आणि बोटं माझ्या मुलीच्या तळपायावर.

"गरम आहे," त्या म्हणत, मी न विचारता.

एका सकाळी कोळसे संपत आले. जाऊबाईंनी उंबऱ्यातून सासूबाईंना हाक मारली. सासूबाई देवघरात होत्या. बाळंतिणीच्या खोलीकडे पुरुष फिरकत नाहीत, पण पावलं मामंजींची होती, मला ओळखू आली. त्यांनी पडद्याबाहेर काहीतरी जड ठेवलं, आणि ते लगेच मागे फिरले. जाऊबाईंनी पडदा सारला. कोळशांनी भरलेली मोठी टोपली होती, आणि तिच्यावर, कोरड्या फडक्यात बांधलेली, काड्यांची एक नवी पेटी.

जाऊबाईंनी ती पेटी उशाखाली ठेवली. टोपली आत ओढून घेतली आणि शेगडीत कोळसे घातले, एकेक, हातानं.